कासवांची शिरगणती

महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या शिवालयात जा. नंदीच्या आसपास, सभामंडपाच्या फरशीत कोरलेले दगडी कासव बहुधा दृष्टीस पडतेच. सशाची आणि कासवाची शर्यत आपण बालपणीच ऐकलेली असते. समुद्रमंथनाच्या वेळी मंदर पर्वत पाठीवर तोलून धरणारा कूर्म पुराणांतून आपल्या परिचयाचा झालेला असतो. कासव ज्याप्रमाणे आपले अवयव आत ओढून घेते, त्याप्रमाणे शहाण्याने आपली इंद्रिये आवरावीत, हा गीतेतील दृष्टांतही वडीलधाऱ्यांच्या तोंडून कानांवर पडतो. अशा रीतीने दगडातील, कथेतील आणि ग्रंथांतील कासव आपणांस चांगले ठाऊक आहे. परंतु आपल्या गावच्या नदीत किंवा तळ्यात जिवंत कासवे किती आहेत, कोणत्या जातींची आहेत आणि ती नेमकी कोठे राहतात, असे कोणी विचारले, तर आपल्यापैकी फारच थोड्यांना उत्तर देता येईल.

हे उत्तर शोधून काढण्याचेही एक शास्त्र आहे. माणसांची जशी शिरगणती करतात, तशीच वन्य प्राण्यांचीही करावी लागते. कासवांच्या बाबतीत मात्र हे काम विशेष कठीण आहे. कारण ज्याचे शिर मोजावयाचे, तोच प्राणी जरा चाहूल लागताच शिर आत ओढून घेतो किंवा पाण्यात बुडी मारून दिसेनासा होतो! तरीही हे काम करणे अगत्याचे आहे. जे आपण मोजलेले नसते, ते नाहीसे झाले तरी आपणांस कळत नाही.

अशा पाहणीत दोन गोष्टी पाहावयाच्या असतात. एक म्हणजे वितरण आणि दुसरी म्हणजे विविधता. कोणती जात कोठे आढळते आणि कोठे आढळत नाही, हे सांगणे म्हणजे वितरण सांगणे होय. एखाद्या प्रदेशात किती प्रकारच्या जाती आहेत आणि त्यांचे एकमेकींशी प्रमाण काय आहे, हे सांगणे म्हणजे विविधता सांगणे होय. या दोन्ही गोष्टी नीट समजण्यासाठी आपण आपल्या राज्यातीलच एक प्रदेश डोळ्यांसमोर ठेवू.

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळा वसलेला आहे. त्याच्या शेजारीच वलवण हे गाव आणि वलवणचा विस्तीर्ण जलाशय आहे. जमशेटजी टाटा यांच्या कल्पनेतून निघालेल्या जलविद्युत योजनेसाठी या भागात लोणावळा, वलवण आणि शिरवटा येथे पाणी अडविण्यात आले. हे पाणी मोठमोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली घाटाच्या पायथ्याशी सोडतात. तेथील खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली.

येथील पाण्याच्या वाटा मोठ्या मौजेच्या आहेत. वीजघरातून निघालेले पाणी पाताळगंगेतून अरबी समुद्रास मिळते. परंतु याच परिसरात, कुरवंडे गावाजवळ उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेकडे वळते. मावळातील भातखाचरांना ओलावा देत, देहू आणि आळंदी या क्षेत्रांवरून वाहत जाऊन ती तुळापूरजवळ भीमेस मिळते. भीमा पुढे उजनीच्या जलाशयातून पंढरपुरास जाते, मग कृष्णेस मिळते आणि हे पाणी अखेरीस बंगालच्या उपसागरात पोहोचते. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पासष्ट किलोमीटरांवरील पुण्यात तो सातशे मिलीमीटरच्या आसपासच असतो. एवढ्याशा अंतरात पाण्याचे किती प्रकार पाहावयास मिळतात! माथ्यावर खोल जलाशय, डोंगरउतारावर खळाळणारे ओढे, खाली संथ डोह, गावोगावची तळी आणि पावसाळ्यात तुडुंब भरणारी भातखाचरे. पाणी बदलले की पाण्यात राहणारे प्राणीही बदलतात. म्हणूनच वितरणाचा अभ्यास करण्यास हा प्रदेश फार उपयुक्त आहे.

पाहणीस निघण्यापूर्वी कोणकोणती कासवे भेटू शकतील, हे माहीत असले पाहिजे. भारतात जमिनीवरील आणि गोड्या पाण्यातील मिळून कासवांच्या सुमारे तीस जाती आहेत. त्यांपैकी भीमेच्या खोऱ्याशी ज्यांचा निकटचा संबंध आहे, अशा तीन जातींची ओळख आपण करून घेऊ.

पहिली जात झडपांच्या कासवाची. या कासवाची पाठीवरील ढाल टणक खवल्यांची नसून मऊ कातडीने मढविलेली असते. पोटाकडील बाजूस, मागील पायांपाशी, कातडीच्या दोन झडपा असतात. कासवाने पाय आत घेतले की या झडपा दारासारख्या मिटतात. उत्तर भारतातील या जातीच्या कासवांच्या पाठीवर पिवळे ठिपके असतात. आपल्याकडील कासवांची पाठ मात्र बहुधा बिनठिपक्यांची, मातकट हिरवी असते. या बिनठिपक्यांच्या प्रकाराचे शास्त्रीय वर्णन पेटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने गोव्यातील नमुन्यावरून १८५४ साली केले. हे कासव तळी, डबकी, कालवे आणि भातखाचरे अशा संथ पाण्यात राहते. गोगलगायी, मासे, बेडूक, पाणवनस्पती आणि मेलेले प्राणी, असे जे मिळेल ते ते खाते. उन्हाळ्यात तळे आटले, की ते चिखलात स्वतःला गाडून घेते आणि पावसाची वाट पाहत निपचित पडून राहते.

दुसरी जात काळ्या कासवाची. याची ढाल टणक असून तिचा रंग काळा किंवा गडद तपकिरी असतो. पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे गेलेल्या तीन उभ्या कडा असतात. या तीन कडांवरूनच त्याच्या शास्त्रीय नावात ‘त्रिजुगा’ हा शब्द आला आहे. हे कासव दिवसा पाण्याच्या काठी ऊन खात बसते आणि रात्री चरावयास पाण्याबाहेर जमिनीवरही येते.

तिसरी जात लीथच्या मऊ पाठीच्या कासवाची. ही आकाराने या तिन्हींत मोठी आहे. तिच्या ढालीची लांबी साठ सेंटिमीटरांहून थोडी अधिक भरू शकते. तिचे नाक लहानशा नळीसारखे पुढे आलेले असते. त्यामुळे सर्व शरीर पाण्याखाली ठेवून केवळ नाकाचे टोक वर काढून तिला श्वास घेता येतो. पिलांच्या पाठीवर डोळ्यांसारखी दिसणारी चार-सहा वर्तुळे असतात. वय वाढते तशी ती पुसट होत जातात. मोठ्या नद्या आणि जलाशय हे तिचे राहण्याचे ठिकाण होय.

या तिसऱ्या जातीचा पुण्याशी फार जवळचा संबंध आहे. ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ साली तिचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, ते पुण्याच्या नमुन्यावरून. मुंबईतील एक डॉक्टर अँड्र्यू लीथ यांचे नाव त्यांनी तिला दिले. शास्त्रात ज्या स्थळाच्या नमुन्यावरून एखाद्या जातीचे प्रथम वर्णन होते, त्या स्थळास कायमचे महत्त्व प्राप्त होते. म्हणजे या जातीच्या बाबतीत पुणे हे जणू तिचे जन्मगावच ठरले.

पुढे १९१५ साली नेल्सन अ‍ॅनन्डेल या शास्त्रज्ञांनी नागपूरच्या नमुन्यावरून मऊ पाठीच्या कासवाची एक नवी जात म्हणून वर्णन केले. १९१६ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली, तेव्हा हेच अ‍ॅनन्डेल तिचे पहिले संचालक झाले. वलवणच्या शेजारी असलेल्या खंडाळ्याच्या ओढ्यातील एका लहानशा माशाचेही त्यांनी १९१९ साली प्रथम वर्णन केले. असा हा जाणता अभ्यासक. परंतु त्यांची नागपूरची ‘नवी’ जात आणि ग्रे यांची पुण्याची जात या दोन्ही एकच आहेत, असे पुढील अभ्यासकांनी ठरविले. यावरून एक धडा मिळतो. एखाद्या जातीविषयी एकदोन नमुन्यांवरून निर्णय देता येत नाही. निरनिराळ्या ठिकाणची, निरनिराळ्या वयांची कासवे पाहावी लागतात आणि त्यांची परस्परांशी तुलना करावी लागते. विस्तृत पाहणीची गरज पडते ती याचसाठी. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून पुण्यात आहे.

आता प्रत्यक्ष पाहणी कशी करतात, ते पाहू.

प्रथम परवानगी. भारतातील वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. या कायद्यान्वये वन्य कासवे पकडणे, पाळणे किंवा विकणे हा अपराध आहे. शास्त्रीय कामासाठी कासव हाती घ्यावयाचे झाले, तरी वनविभागाची लेखी परवानगी लागते. त्यानंतर प्रदेशाचा नकाशा समोर ठेवून जागा निवडतात. जेथे कासवे आहेत असे ऐकिवात असते, तेवढ्याच जागा निवडल्या तर पाहणी एकांगी होते. म्हणून जलाशयाचे काही काठ, ओढ्यांचे काही भाग, नदीचे काही डोह, काही गावतळी आणि काही भातखाचरे, अशी सर्व प्रकारच्या पाण्याची निवड करतात.

ऋतूही महत्त्वाचा असतो. हिवाळ्याच्या सकाळी, पाणी थंड असताना, कासवे खडकावर किंवा पडलेल्या झाडाच्या खोडावर ऊन खाण्यास येतात. कासवाचे शरीर स्वतःची उष्णता स्वतः राखू शकत नाही. सूर्याची ऊब घेतल्यावाचून त्याचे अन्नही नीट पचत नाही. म्हणून अशा वेळी पाहणी करणारा अभ्यासक दूर झाडाआड बसून दुर्बिणीने काठ न्याहाळतो. उन्हाळ्यात पाणी आटून थोडेच डोह उरतात, तेव्हा त्या डोहांवर लक्ष ठेवतात. पावसाळ्यात कासवे एका पाण्यातून दुसऱ्या पाण्याकडे जाऊ लागतात, तेव्हा शेताचे बांध आणि रस्ते तपासतात. काळ्या कासवासाठी तर रात्री कंदील किंवा विजेरी घेऊन हिंडावे लागते.

याशिवाय स्थानिक लोकांचे ज्ञान हा एक मोठा ठेवा असतो. नदीकाठी राहणारे भोई, कातकरी, ठाकर आणि शेतकरी यांनी जे पाहिलेले असते, ते बाहेरून आलेल्या अभ्यासकास वर्षभर हिंडूनही दिसणार नाही. मात्र प्रश्न विचारण्याचीही एक रीत आहे. “मामा, या डोहात मोठे मऊ पाठीचे कासव आहे ना?” असे विचारले, तर समोरचा भला माणूस पाहुण्याचे मन मोडू नये म्हणून ‘हो’ म्हणून जाईल. त्याऐवजी “मामा, या डोहात तुम्ही कोणकोणती कासवे पाहिली आहेत? ती कशी दिसतात?” असे विचारावे, त्यांच्या शब्दांत वर्णन ऐकून घ्यावे आणि मगच चित्रे दाखवावीत. ते कासव शेवटचे केव्हा दिसले, हे विचारण्यास तर कधीही विसरू नये. एखाद्या वृद्धाने अमुक जातीचे कासव आपल्या लहानपणी पाहिले होते, पण त्याच्या नातवाने ते कधीच पाहिले नाही, असे आढळले, तर त्या दोन उत्तरांच्या मधल्या अंतरातच नदीचा इतिहास दडलेला असतो.

काही कासवे प्रत्यक्ष हाती घेऊन तपासावी लागतात. त्यासाठी गोल पिंजऱ्यासारखे जाळे वापरून त्यात माशाचे आमिष ठेवतात. या जाळ्याचा वरचा भाग पाण्याच्या वर राहील, अशी दक्षता घ्यावी लागते. कारण कासव पाण्यात राहत असले तरी श्वास मात्र हवेतूनच घेते. जाळे पूर्ण बुडाले तर आत सापडलेले कासव गुदमरून मरेल. म्हणून जाळी थोड्या थोड्या वेळाने तपासावी लागतात.

हाती आलेल्या कासवाच्या ढालीची लांबी व रुंदी मोजतात, वजन करतात, नर की मादी ते पाहतात. नराची शेपटी मादीच्या शेपटीपेक्षा बहुधा लांब व जाड असते. मग ते पुन्हा ओळखता यावे म्हणून त्यावर खूण करतात. टणक ढालीच्या कासवाच्या कडेवरील खवल्यांना क्रमांक देऊन त्यांवर लहानशी खाच पाडण्याची एक पद्धत आहे. फ्रेड केगल या अमेरिकी शास्त्रज्ञाने ती १९३९ साली मांडली. मऊ पाठीच्या कासवास असे खवले नसतात. म्हणून त्याच्या डोक्यावरील रेषा आणि ठिपके यांची छायाचित्रे जपून ठेवतात. हे सर्व झाल्यावर ज्या जागी कासव मिळाले, नेमके त्याच जागी ते सोडून देतात.

जात ओळखण्यासाठी नखे मोजणे हाही एक सोपा उपाय आहे. मऊ पाठीच्या कासवांच्या गटात प्रत्येक पायास तीन नखे असतात. झडपांचे कासव आणि लीथचे कासव ही दोन्ही याच गटातील होत. म्हणून त्यांची एकूण नखे बारा भरतात. काळ्या कासवाच्या पुढच्या पायांस सामान्यतः पाच पाच आणि मागच्या पायांस चार चार, अशी अठरा नखे असतात. आपल्याकडे ‘वीस नखांचे कासव’ घरात ठेवले म्हणजे धनलाभ होतो, अशी एक खुळी समजूत आहे. या समजुतीपायी भोंदू लोक निष्पाप कासवे पकडून चोरून विकतात. शास्त्रज्ञ नखे मोजतो तो जात ओळखण्यासाठी. भोंदू नखे मोजतो तो दुसऱ्याचे पैसे उकळण्यासाठी. मोजणे तेच, परंतु हेतूत केवढा फरक!

पाहणीचा खरा प्राण मात्र नोंदवहीत असतो. तारीख, वेळ, जागा, हवामान, पाण्याची स्थिती, काठ मातीचा की खडकाळ, किती माणसांनी किती वेळ शोध घेतला आणि काय दिसले, हे सारे जागच्या जागी लिहून ठेवतात. ‘रात्री घरी गेल्यावर लिहू’ असे म्हणणाऱ्याची नोंद अर्धी स्मरणाची आणि अर्धी कल्पनेची होते. जेथे काहीही दिसले नाही, तेथे ‘शून्य’ असे लिहिणे हेही तितकेच आवश्यक आहे. दिवसभर पाण्याकाठी बसून एकही कासव दिसले नाही, तर मन खट्टू होते. ते पान कोरे सोडावेसे वाटते. परंतु कोरे पान आणि शून्य लिहिलेले पान यांत महदंतर आहे. कोऱ्या पानाचा अर्थ ‘कोणी पाहिलेच नाही’ असा होतो. शून्याचा अर्थ ‘इतका वेळ पाहिले, तरी दिसले नाही’ असा होतो. पुढे दहा वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकास दुसरे पान उपयोगी पडते, पहिले पडत नाही.

जुन्या नोंदींचे मोल किती असते, याचे उदाहरण पुण्याच्या नद्यांतच आहे. कर्नल साइक्स यांचा दख्खनमधील माशांवरील ग्रंथलेख १८४१ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतरही वेळोवेळी पुण्याच्या नद्यांतील माशांच्या याद्या होत गेल्या. त्यामुळे आजच्या अभ्यासकांस आपल्या यादीची जुन्या यादीशी तुलना करता येते आणि पूर्वी असलेले कोणते मासे आता मिळत नाहीत, हे सांगता येते. जुनी यादीच नसती, तर हानी झाली हेही कळले नसते.

आता थोडे गणित करू. तळ्यातील सर्व कासवे कधीच हाती लागत नाहीत; मग त्यांची संख्या कशी काढावयाची? समजा, एका तळ्यात आपण पहिल्या फेरीत २० कासवे पकडली, त्यांवर खुणा केल्या आणि ती सोडून दिली. काही दिवसांनी दुसऱ्या फेरीत २५ कासवे मिळाली आणि त्यांपैकी ५ कासवांवर आपली खूण होती. म्हणजे दुसऱ्या फेरीत दर पाच कासवांत एक खुणेचे निघाले. तळ्यातही हेच प्रमाण असेल असे धरले, तर २० ही संख्या तळ्यातील एकूण कासवांच्या एक पंचमांश ठरते. म्हणून तळ्यात सुमारे १०० कासवे असावीत. पीटर्सन या डॅनिश शास्त्रज्ञाच्या नावाने ही रीत ओळखली जाते. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात फारशी कासवे मेली नाहीत, जन्मली नाहीत किंवा तळे सोडून गेली नाहीत, आणि खुणेची कासवे इतरांत नीट मिसळून गेली, तरच हा अंदाज विश्वसनीय ठरतो.

विविधतेचेही असेच आहे. समजा, दोन तळी आहेत आणि प्रत्येकात तीन जातींची मिळून ३० कासवे आहेत. पहिल्यात तिन्ही जातींची दहा दहा कासवे आहेत. दुसऱ्यात एका जातीची २८ आणि उरलेल्या दोन जातींचे एकेकच कासव आहे. जातींची संख्या दोन्हीकडे सारखीच. पण दुसऱ्या तळ्यात दोन जाती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर उभ्या आहेत. म्हणून ‘येथे तीन जाती आढळतात’ एवढेच सांगून भागत नाही. त्यांचे प्रमाणही सांगावे लागते.

एवढा खटाटोप कशासाठी करावयाचा, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर कासवाच्या जीवनक्रमात आहे. कासवी केवळ आपल्या दृष्टीने पिलांचे पोषण करते, ही कल्पना आपल्या संतवाङ्‌मयात प्रसिद्ध आहे. देवाच्या कृपादृष्टीसाठी ही उपमा फार हृद्य आहे. निसर्गातील वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. कासवी पाण्याबाहेर येऊन काठावरील मातीत खड्डा उकरते, त्यात अंडी घालते, माती सारखी करते आणि पाण्यात परत जाते. त्यानंतर तिची आणि अंड्यांची भेट होत नाही. अंड्यांचे रक्षण करते ती काठाची माती आणि त्यांना ऊब देते ते ऊन. म्हणून नदीचा काठ हीच कासवाच्या पिलांची खरी माता म्हटली पाहिजे.

हा काठच आज संकटात आहे. वाळूउपशाने नदीकाठ खचतात. काही ठिकाणी काठ दगडसिमेंटाने बांधून काढतात. तेथे कासवीस खड्डा उकरता येत नाही. इंद्रायणी आणि पवना या नद्यांत वस्त्यांचे व कारखान्यांचे सांडपाणी मिसळते. माशांसाठी लावलेल्या जाळ्यांत अडकून कासवे गुदमरतात. मांसासाठी त्यांची चोरटी शिकार होते. भरीस भर म्हणून शोभेसाठी विकत आणलेली, कानापाशी लाल पट्टा असलेली अमेरिकी कासवे मोठी झाली, की लोक ती जवळच्या तळ्यात सोडून देतात; ती मग आपल्या कासवांच्या अन्नात आणि जागेत वाटेकरी होतात. कासवाची वाढ सावकाश होते आणि प्रजननाचे वय यावयास वर्षे लागतात. अंड्यांतील व पिलांतील पुष्कळशी इतर प्राण्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. म्हणून एक पूर्ण वाढलेली कासवी मारली गेली, तर ती हानी लवकर भरून येत नाही.

पुण्याच्या नमुन्यावरून जगास ज्ञात झालेले लीथचे कासव आज ‘अतिसंकटग्रस्त’ गणले जाते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२१ साली त्याची नोंद या वर्गात केली. या वर्गाच्या पलीकडे केवळ नामशेष झालेल्यांचेच वर्ग उरतात. कासवे गेली म्हणून आपले काय बिघडते, असे मात्र कोणी समजू नये. पाण्यातील मेलेले जीव खाऊन मऊ पाठीची कासवे पाणी स्वच्छ राखण्यास मदत करतात. १९८६ साली सुरू झालेल्या गंगा कृती योजनेत अशी कासवे मुद्दाम वाढवून वाराणसीजवळ गंगेत सोडण्यात आली होती, ती याच कारणासाठी.

चिकाटीने शोध घेतला, तर हरवली असे वाटणारी जातही पुन्हा सापडू शकते. केरळातील रानात राहणाऱ्या एका लहानशा कासवाचे वर्णन १९१२ साली झाले होते. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे ते कोणाही शास्त्रज्ञाच्या दृष्टीस पडले नाही. जे. विजया नावाची एक तरुण अभ्यासिका त्याच्या शोधास निघाली. देशातील निरनिराळ्या भागांत हिंडून, बाजारांत होणारी कासवांची विक्रीही तिने नोंदविली होती. रानातील आदिवासींच्या मदतीने १९८२ साली तिने ते कासव पुन्हा शोधून काढले आणि रानातच मुक्काम करून त्याचा अभ्यास केला. १९८७ साली, अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या वयात तिचे निधन झाले. पुढे २००६ साली शास्त्रज्ञांनी त्या कासवाच्या प्रजातीस ‘विजयाकेलिस’ असे तिचे नाव दिले. भारतातील सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करणारी ती पहिली महिला मानली जाते. त्या कासवाच्या नावात तिचे श्रम कायमचे कोरले गेले आहेत.

मुलांनो, कासवांची शास्त्रीय पाहणी करणे हे जाणत्यांचे काम आहे. पण तिला हातभार लावणे तुमच्याही आवाक्यात आहे. कासव दिसले तर त्यास हात लावू नका, घरी आणू नका. थोडे दूर थांबून पाहा. तारीख, वेळ, जागा आणि रंगरूप वहीत टिपून ठेवा. रस्त्यावर किंवा विहिरीत अडकलेले कासव आढळले, तर वडीलधाऱ्यांमार्फत वनविभागास कळवा. कोणी कासव विकत असल्यास तेही कळवा. आपल्या आजोबांना, गावातील वृद्ध कोळ्याला किंवा शेतकऱ्याला जुन्या काळच्या कासवांविषयी विचारा आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.

आपल्या गावच्या तळ्याकाठी एखादी सकाळ घालवूनही तुम्हांस एकही कासव दिसले नाही, तरी निराश होऊ नका. वहीत त्या दिवसाची तारीख घाला, किती वेळ पाहिले ते लिहा आणि त्यापुढे प्रामाणिकपणे शून्य मांडा. पुढल्या वर्षी त्याच जागी पुन्हा जा. कदाचित त्या शून्याच्या जागी एक लिहिण्याचा आनंद तुम्हांस लाभेल. तो एकाकडे वाढतो की शून्यच राहतो, हे जाणून घेण्यासाठी कोणीतरी दर वर्षी पाण्याकाठी जाऊन बसले पाहिजे, आणि ते काम तुमच्यासारख्यांनाच करावयाचे आहे.